परड्यात कोळसा की गॅस? आधी भट्टी कोण पेटवणार ते ठरवा

बेळगावच्या वडगावहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते:

"आमच्या जुन्या घरामागे बऱ्यापैकी परडं आहे. मुलगा बंगळूरला नोकरीला असतो, दिवाळीला येतोय. परड्यात ग्रिल घेऊया म्हणून त्याने धोशा लावलाय. त्याला गॅसची हवी, बटण फिरवलं की पेटली. मामंजी म्हणतात, कोळशाशिवाय भाजलेल्याला चव नाही. गॅसवरच करायचं तर स्वयंपाकघरातली शेगडी काय वाईट? ह्यांचं उद्यमबागेत वर्कशॉप आहे, हे म्हणतात विकत कशाला, जुना ड्रम कापून बनवतो. सासूबाई माळकरी, सामिष शिजलेलं भांडं त्यांना चालत नाही. भिंतीपलीकडे जैन शेजार आहे आणि तो आम्हाला जपायचा आहे. शिवाय आपल्याकडचा पाऊस! पावसात भट्टी मागच्या पडवीत ओढून घेतली तर चालेल ना?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकी कशात चूक झाली तर एखादं जेवण बिघडेल, यात झाली तर माणूस जाईल. पडवीत कोळसा चालणार नाही. एक बाजू उघडी असली तरी नाही, पंखा लावला तरी नाही.

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. धूर संपून निखारे छान फुलले की आपल्याला वाटतं आता काळजी मिटली, पण हा वायू तेव्हाही निघतच असतो आणि विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही निघतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. जुन्या घरांची पडवी बहुतेक स्वयंपाकघराला लागून असते, दाराच्या फटीतून सगळं आत येतं. आपल्याकडे थंडीत खोलीत शेगडी ठेवून दार लावून झोपायची, बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे सरकवायची पद्धत काही घरांत अजून आहे. विषय निघालाच आहे म्हणून सांगते, तुमच्या ओळखीत कुठे हे चालत असेल तर थांबवा.

गॅसची ग्रिलही पडवीत नको. तिची आच वर जाते, वर पत्रा किंवा वासे असतात, आणि गळती झालीच तर घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. म्हणजे कोळसा घ्या की गॅस, जून ते सप्टेंबर भट्टीला सुट्टी. गोकाक-अथणीकडच्या लोकांना पावसात मधली उघडीप भरपूर मिळते. बेळगावात ती हिशेबात धरू नये, आणि जांबोटी-कणकुंबीकडे तर विचारायलाच नको.

आता मूळ प्रश्न. पत्र तुम्ही लिहिलंत, पण त्यात मत आहे मुलाचं, मामंजींचं, यजमानांचं. सासूबाईंचं पथ्य आहे, शेजाऱ्यांची काळजी आहे. तुम्हाला काय हवंय, ते मात्र एका ओळीतही नाही. म्हणून मी उलट विचारते: ही भट्टी पेटवणार कोण?

हे विचारणं मला चवीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. कोळशाला माणूस लागतो. जेवणाच्या आधी अर्धा तास पेटवायला, मग शेवटचा तुकडा निघेपर्यंत जवळ उभा राहायला, आणि दुसऱ्या दिवशी राख काढायला. मामंजी आणि मुलगा मिळून हे करणार असतील तर कोळशासारखं सुख नाही. पण दिवाळी झाली, मुलगा बंगळूरला गेला, मामंजींना वयामुळे तासभर उभं राहणं जमेना, आणि वाटण, मुरवण, भाकऱ्या, भांडी यांच्या जोडीला कोळसाही तुमच्याच पदरात आला, तर दोन-तीन रविवारांनंतर ती भट्टी परड्यात गंजत पडेल. अशा घरात गॅसच घ्यावी. यात कमीपणा काहीच नाही. दहा-पंधरा मिनिटांत जाळी तापते, आच कमी-जास्त करता येते, बंद केली की संपलं. हे बोलणं मुलगा यायच्या आधी, मामंजींसमोर, स्पष्ट होऊ द्या.

मामंजींचं चवीबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. चव कोळशातून येते असं आपण धरून चालतो. पण लाकडाचा कोळसा होतो तेव्हाच लाकडातला धूर आणि सुवास बहुतेक जळून गेलेला असतो. उरतो तो मुख्यतः कार्बन, आणि त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. कोंबडीची चरबी, बांगड्याचं तेल, मसाल्याचं पाणी खाली निखाऱ्यावर टपकतं, चर्र होतं आणि त्याचा धूर वर येऊन पदार्थाला धरतो. आपण ज्याला भट्टीची चव म्हणतो ती हीच. चांगल्या गॅस ग्रिलमध्ये बर्नरवर लोखंडी पट्ट्या असतात, टपकलेलं त्यांच्यावर जळतं, त्यामुळे तिथेही ही चव बऱ्यापैकी येते. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर ती येत नाही, कारण टपकलेलं थेट बर्नरमध्ये जातं आणि बर्नर तुंबतो. तेव्हा 'घरची शेगडी काय वाईट' हा मुद्दा मामंजींनी सोडून द्यायला हरकत नाही.

दुसरा फरक आचेचा, आणि तिथे मामंजींची बाजू भक्कम आहे. फुललेल्या निखाऱ्याची धग कोरडी असते आणि सरळ पदार्थावर पडते. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त वाफ निघते. म्हणून कोंबडीची कातडी, माशाची पाठ कोळशावर जशी खरपूस होते तशी गॅसवर व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आतलं सुकतं. वांग्याला मात्र याने विशेष फरक पडत नाही. भरताची चव वांग्याच्या स्वतःच्या करपलेल्या सालीतून येते, ती गॅसवरही येते. कणसांचंही तसंच.

रताळ्याला मात्र कोळसाच. आपल्या भागातली रताळी पार उत्तरेकडच्या बाजारापर्यंत जातात, आणि आपण ती घरी कुकरला लावून उपासाला खातो, याची मला खरोखर हळहळ वाटते. सगळं भाजून झालं, निखारे मंद झाले, वर राखेचा थर आला की मध्यम आकाराची, न सोललेली रताळी त्या राखेत पुरायची. मधे एकदा चिमट्याने फिरवायची. पाऊण तासाने साल काळी आणि सुरकुतलेली दिसते, टोकाशी चिकट तपकिरी पाक बुडबुडत बाहेर आलेला असतो आणि बोटाने दाबलं की रताळं खचतं. साल सोलताना आतला गर सालीला धरून येतो. तो चमच्याने खरवडून खायचा. सासूबाईंना एकादशीला हे द्या. मात्र ती या भट्टीत नको, खाली सांगते त्या त्यांच्या वेगळ्या शेगडीच्या राखेत भाजा.

तुमच्या घराचं वर्णन वाचून माझा कौल झाकणाच्या कोळशाच्या भट्टीला आहे. परडं आहे, हाताशी वर्कशॉप आहे, आणि घरात निदान दोन माणसं हौशी आहेत. बाजारातल्या ग्रिलसाठी पैसे घालायचं तुम्हाला कारण नाही. मात्र यजमानांनी ड्रम कापायचा बेत सोडावा. त्या ड्रममध्ये आधी काय होतं, कटिंग ऑइल, थिनर की रसायन, ते कोणी सांगू शकत नाही. आत वाफ राहिलेला ड्रम ग्राइंडरने कापताना भडका उडून माणसं दगावली आहेत. आणि आतबाहेरचा रंग तापला की त्याचा धूर तुमच्या जेवणाला लागणार. जीआय पत्राही नको. त्यावरचं जस्त तापल्यावर त्याची वाफ निघते आणि ती छातीत गेली की थंडी वाजून ताप येतो; वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप चांगला माहीत असतो.

दोन-तीन मिलिमीटरचा काळा एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा, पत्रा घ्या, आतून बिनरंगाचा. जाळी 304 ग्रेडच्या स्टेनलेस सळ्यांची, सळ्यांमधे बोटभर अंतर. कोळशाची जाळी आणि भाजायची जाळी यांच्यात वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर ठेवा. तळाला हवेची भोकं आणि ती झाकायला सरकती पट्टी, झाकणालाही तशीच. ही पट्टी म्हणजे कोळशाचं बटण आहे. उघडली की आच वाढते, मिटली की उतरते, वरची-खालची दोन्ही मिटली की ऑक्सिजन तुटून निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या रविवारी वापरता येतो. 1952 साली शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या कारागिराने नेमकं हेच केलं होतं. तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, तिथे समुद्रात तरंगणारे बोये बनत. उघड्या भट्टीवर वारा त्रास देई म्हणून त्याने बोयाचा अर्धगोल घेऊन त्याची भट्टी आणि झाकण बनवलं. आज जगभर दिसणारी गोल केटल ग्रिल तिथून आली. उद्यमबागेतल्या माणसाला हे जमणार नाही असं मला मुळीच वाटत नाही. जमलं तर ओळखीच्या फाउंड्रीतून बिडाची जाळी ओतून घ्या. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की मासा टाकला तरी थंड पडत नाही. तिला बिडाच्या तव्यासारखाच तेलाचा हात द्यायचा आणि पावसात बाहेर ठेवायची नाही.

कोळसा लाकडीच हवा, बाभळीचा किंवा तसल्याच जड लाकडाचा, हातात घेऊन एकमेकांवर आपटला तर टणटण वाजणारा. पूर्वी इस्त्रीवाले वापरायचे तो. दगडी कोळसा अजिबात नको, त्यात गंधक असतं. साखर कारखान्यांच्या आपल्या पट्ट्यात बॉयलरसाठी बगॅस-भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या 'पांढरा कोळसा' म्हणून मिळतात. स्वस्त पडतात म्हणून कोणी सुचवेल, पण तो कोळसा नव्हेच, कच्चा भुसा आहे, आणि धुराने डोळे फोडेल. करवंटीचा कोळसा मिळाला तर उत्तम, तो बराच वेळ टिकतो. पोतं जमिनीवर ठेवू नका, कोळसा हवेतली ओल ओढतो आणि मग पेटताना तडतडतो. झाकणाच्या डब्यात भरून ठेवा.

पेटवताना रॉकेल ओतायची सवय आपल्याकडे फार आहे. पहिला घास तोंडात गेला की ते कळतं. त्याऐवजी यजमानांना सांगून दोन्ही बाजूंनी उघडा, तळाशी जाळी असलेला वीत-दीडवीत उंच पत्र्याचा नळा करून घ्या, एमएसचाच. वर कोळसा, खाली नारळाच्या शेंड्या आणि कागदाचा बोळा. काडी लावली की नळ्यातून हवा वर खेचली जाते आणि फुंकणी न घेता वीस-पंचवीस मिनिटांत सगळा कोळसा फुलतो. काळा रंग जाऊन वर राखाडी साय आली की भट्टीत ओता, पण सगळीकडे सारखा पसरू नका. एका बाजूला ढीग, दुसरी बाजू रिकामी. ढिगावर खरपूस करायचं, मग रिकाम्या बाजूला सरकवून झाकण टाकून आतपर्यंत शिजवायचं. चरबीने जाळ उसळला तरी पाणी मारू नका, तुकडा बाजूला ओढा. जाळीच्या वर वीतभर तळहात धरून बघा: दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच कडक, पाचेक सेकंद धरवला तर मध्यम. कोंबडी आतून 74 अंशांना पोचायला हवी. टोचून बघायचं थर्मामीटर मुलाकडून मागवून घ्या. बाहेरून काळी आणि हाडापाशी लाल अशी तंगडी नवख्या हातून हमखास निघते. काळा कोळसा झालेला भाग मात्र कापून टाका. करपलेल्या मांसात आणि चरबीच्या धुरात कॅन्सरशी नातं असलेली द्रव्यं तयार होतात. मुरवण आंबट ठेवलं, चरबी काढली आणि तुकडे वरचेवर उलटले की ती बरीच कमी होतात.

तुमच्या वडगाव-खासबागेकडे बऱ्याच घरांत माग आहेत. भट्टीची जागा ठरवताना कुठे सुताची बाचकी, वाळत टाकलेलं सूत, नारळाचे झाप नाहीत ना ते बघा. भिंतीपासून दोन हात दूर, पाण्याची बादली जवळ.

आता माळेचं आणि शेजाराचं. सासूबाईंसाठी एकाच भट्टीला दोन जाळ्या करा म्हणून लोक सांगतील. मला ते अपुरं वाटतं. झाकणाला आतून तेलकट धूर धरतोच, आणि ज्या माणसाने आयुष्यभर पथ्य पाळलं त्याच्या मनात शंका ठेवून जेवण कशाला वाढायचं? त्यांच्यासाठी लहानशी मातीची शेगडी वेगळी घ्या, खानापूरच्या कुंभारांकडे चौकशी करा. चिमटाही वेगळा. मामंजींना त्या शेगडीवर वांगी आणि कणसं भाजायचं काम द्या, बसून करता येईल.

शेजाऱ्यांशी पहिली भट्टी पेटायच्या आधी बोला. कुठल्या दिवशी पेटवणार ते सांगा, त्यांच्या पर्युषणात सामिष काही करणार नाही हेही सांगा. पाऊस मधे आहेच, तुमचं नुकसान काही नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, थंडीत बराचसा पूर्वेकडून येतो. भट्टी थंडीतच चालणार, तेव्हा पूर्वेचा वारा धरून जागा ठरवा, म्हणजे धूर त्यांच्या वाळवणावर जाणार नाही. त्यांच्याकडे काही द्यायचं झालं तर रताळी नकोत, कंदमूळ त्यांच्याकडे बहुधा चालत नाही. सासूबाईंच्या शेगडीवरची कणसं द्या, आणि दिवेलागणीच्या आधी, कारण पाळणाऱ्या घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत.

घरात बोलणं होऊन गॅसचं ठरलं, तर एवढं लक्षात ठेवा. स्वयंपाकघरातला सिलिंडर दर वेळी परड्यात नेऊ नका. भरलेला 14.2 किलोचा सिलिंडर एकूण तीस किलोच्या आसपास भरतो, आणि रेग्युलेटरची रोजची काढघाल हेच गळतीचं मूळ होतं. वेगळा लहान 5 किलोचा घ्या, उभाच ठेवा, आडाजवळ किंवा गटाराच्या खळग्याजवळ नको. रेग्युलेटर ग्रिलवाल्याने सांगितलेल्या दाबाचाच हवा. हॉटेलातल्या मोठ्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर कोणी आणून दिला तर परत करा. जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर पेटवायची नाही. वास आला तर 1906 या नंबरवर फोन करा. आणि चार महिन्यांच्या सुट्टीनंतर बर्नरच्या नळ्या काढून बारीक ब्रशने साफ करा. पावसाळ्यात कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते, हवा अडते, जाळ पिवळा होतो आणि कधी उलटा नळीत शिरतो. लोक म्हणतात ग्रिल बिघडली, आणि आत असतं मातीचं लिंबाएवढं घर.

कोळशाची बनवून घेतलीत तर मुलगा यायच्या आधी एका दुपारी ती रिकामीच पेटवा. पूर्ण कोळसा घालून, झाकण टाकून, तासभर तापू द्या. पत्र्यावरचं कारखान्याचं तेल, वेल्डिंगची घाण सगळं त्यात जळून जाईल. त्या दिवशी तिच्यावर काही भाजू नका. गार झाल्यावर तारेच्या ब्रशने घासा, ओल्या फडक्याने पुसा, जाळीला तेलाचा हात द्या. ब्रशची एखादी तार सळ्यांत अडकून राहिली नाही ना, ते उजेडात धरून बघा. राख दुसऱ्या दिवशीच काढा आणि पत्र्याच्या डब्यातच काढा. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दिवसभरानंतरही जिवंत असू शकतो.